जुने यंत्र आणि घरची पेटी

ध्वनिवर्धक विकत घेणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा. दुकानदारही ह्याच प्रश्नाची वाट पाहत बसलेला असतो. आकडा जितका मोठा तितके गिऱ्हाईक खूश. परंतु ज्या पेटीत स्पीकर बसवायचा तिच्या पोटात हवा किती मावते, ती पेटी ह्या यंत्राला मानवेल की नाही, हे शंभरांत एखादाच विचारतो. आजच्या विवेचनात मला एवढेच सांगायचे आहे की, चांगला आवाज हा एकट्या यंत्राचा गुण नव्हे आणि एकट्या स्पीकरचाही नव्हे. यंत्र, स्पीकर आणि पेटी ह्या तिघांचे जमले तरच आवाज नीट लागतो. हे जमविण्यासाठी फार पैसा लागत नाही. चार साधी गणिते, एक हुशार सुतार आणि थोडी चिकाटी एवढ्यावर ते होते.

मी कामगार चळवळीतला माणूस आहे. ध्वनिशास्त्र कॉलेजात शिकण्याचा योग आला नाही. जे काही उमगले ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातल्या बाकावर बसून. तरी ह्या विषयाकडे मी नुसता छंद म्हणून पाहत नाही. आमच्या गोंदियाकडे बिडी कामगारांच्या, राईस मिलमधल्या हमालांच्या सभा होतात. सभेत कराराची कलमे वाचली जातात. मागच्या रांगेत बसलेल्या बाईला ‘वाढ’ हा शब्द ऐकू आला आणि ‘पुढील वर्षापासून’ हे शब्द घुमून विरून गेले, तर ती हात वर करते तो नेमका कशाला? ‘दर वाढला’ आणि ‘कर वाढला’ ह्या दोन वाक्यांत फरक एका व्यंजनाचा आहे, पण मजुराच्या खिशात तो फरक केवढा! म्हणून आवाज मोठा असण्यापेक्षा तो समजणे महत्त्वाचे, हे सूत्र प्रथमच मनाशी बांधून पुढे जाऊ या.

घराघरातली जुनी दौलत

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि विविधभारती १९५७ साली. त्या काळात भंडारा जिल्ह्यात (गोंदिया जिल्हा त्यातून वेगळा झाला तो १९९९ साली) रेडिओ घेणे ही मोठी घटना असे. सेटला सरकारी परवाना लागे. फिलिप्स, मर्फी, बुश, नेल्को ही नावे घरच्या माणसांसारखी बोलली जात. हे सेट व्हॉल्वचे होते. पुढे ट्रान्झिस्टर आला. १९७०-८०च्या सुमारास कॉस्मिक, सोनोडाइन अशी देशी स्टिरिओ यंत्रे आली. कोणी नातेवाईक परदेशात असला तर एखादा पायोनियर किंवा सान्सुईचा रिसीव्हरही घरात येई. सभा-समारंभांच्या मंडपात आहुजाची यंत्रे आणि भोंगे दिसू लागले.

ह्यांपैकी पुष्कळ यंत्रे आज माळ्यावर पडली आहेत, नाही तर कबाडीच्या तराजूत किलोने चालली आहेत. बहुधा असे असते की, यंत्राचा जीव शाबूत असतो आणि मेलेला असतो तो स्पीकर. कागदी शंकू उंदरांनी कुरतडलेला, पेटीची फळी वाळवीने खाल्लेली. अशा वेळी नवा स्पीकर आणि घरी केलेली पेटी जोडली तर यंत्र पुन्हा कामाला लागते. पण जोडायचे कसे, हे पाहण्यापूर्वी पेटी मुळात लागते कशाला ते पाहू.

पेटी कशासाठी?

आज आपण वापरतो तो हलत्या तारेचा स्पीकर राइस आणि केलॉग ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी १९२५ साली मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटलेला कागदी शंकू, आणि विजेच्या लहरीबरोबर मागेपुढे हलणारी ही सारी जोडणी. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते. त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. सुपाने वारा घालून पाहा. सुपाच्या पुढची हवा कडेने वळून मागच्या पोकळीत शिरते. स्पीकर नुसता टेबलावर ठेवला तर हेच घडते. खर्जाच्या लहरी लांब असतात; सेकंदाला १०० कंपनांची लहर साडेतीन मीटरांच्या आसपास लांब असते. एवढ्या मोठ्या लहरीला वीस सेंटिमीटरांचा स्पीकर म्हणजे काहीच अडथळा नव्हे. पुढचा दाब आणि मागची पोकळी एकमेकांना मारून टाकतात आणि खर्ज नाहीसा होतो.

तेव्हा पुढचे आणि मागचे वेगळे करणे, हे पेटीचे पहिले काम. ते तीन रीतींनी करता येते.

पहिली रीत उघड्या फळीची. रुंद फळीला भोक पाडून त्यात स्पीकर बसवावा, म्हणजे हवेला कडेने वळून यायला लांबचा रस्ता पडतो. जुन्या रेडिओच्या मागे भोकांचा पुठ्ठा असे आणि पेटी मागून जवळजवळ उघडी असे, तो ह्याच रीतीचा प्रकार.

दुसरी रीत बंद पेटीची. मागची हवा कोंडून टाकायची. ही कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी काम करते आणि शंकूला आवरून धरते. एडगर व्हिल्चर ह्या अमेरिकन शिक्षकाने १९५४ साली ह्या स्प्रिंगचाच उपयोग करून घेतला आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला.

तिसरी रीत नळीच्या पेटीची. ही कल्पना आल्बर्ट थुरास ह्याने १९३०च्या सुमारास पेटंट केली. पाण्याची घागर भरताना तिचा आवाज कसा चढत जातो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. घागरीतली हवा जितकी कमी तितका स्वर उंच. पेटीला ठरावीक लांबीची नळी बसविली की पेटीही घागरीसारखा आपला एक स्वर धरते, आणि शंकू जिथे थकतो तिथे ही नळी खर्ज पुरविते. उदाहरणार्थ, ५० लिटरच्या पेटीला ४० कंपनांवर लावायचे असेल तर साडेसात सेंटिमीटर व्यासाची नळी सुमारे ११ सेंटिमीटर लांब ठेवावी. पाण्याच्या पाइपचा तुकडा ह्या कामाला उत्तम. मात्र जुन्या तबकड्या वाजविणाराने ह्या रीतीपासून जपून राहावे. वाकडी तबकडी फिरताना जी अतिमंद हालचाल यंत्रात शिरते, ती नळीच्या पेटीतला शंकू बेफाम हलविते. त्याला बंद पेटीच बरी.

आता मडक्याबद्दल. मडक्याच्या तोंडावर स्पीकर बसविण्याची युक्ती आपल्याकडे खेड्यापाड्यांत पाहायला मिळते, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. गोल भांडे मजबूत असते. त्याच्या भिंती फळीसारख्या थरथरत नाहीत. त्याचा दोष आकाराचा नसून मापाचा आहे. तो कसा, ते गणितावरून लगेच कळेल.

तीन आकडे

आवाजाची पेटी अंदाजाने करण्याचे दिवस संपले ते नेव्हिल थील ह्या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरामुळे. त्याने १९६१ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. पुढे सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल ह्याने १९७०नंतरच्या काही वर्षांत हे काम पुरे केले. त्यांनी दाखविले की, स्पीकरच्या स्वभावाचे तीन आकडे कळले की पेटीचे माप कागदावर काढता येते. चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात हे आकडे छापलेले असतात.

पहिला आकडा ‘एफएस’. मोकळ्या हवेत शंकू आपण होऊन ज्या कंपनसंख्येवर डोलतो ती ही. दुसरा ‘व्हीएएस’. शंकूच्या टांगणीइतकीच लवचिक अशी हवा किती लिटर, हे तो सांगतो. तिसरा ‘क्यूटीएस’. झोका देऊन सोडला तर शंकू किती लवकर थांबतो, ह्याचे हे माप. आकडा लहान असेल तर चुंबकाची पकड घट्ट. मोठा असेल तर सैल.

समजा, आपल्या हातातल्या स्पीकरचे आकडे असे आहेत: एफएस ४०, व्हीएएस ६० लिटर, क्यूटीएस ०.४. बंद पेटीत बसविल्यावर पकडीचा आकडा चढतो, आणि तो ०.७च्या आसपास राहिला की आवाज सपाट व स्वच्छ येतो. आता ०.७ला ०.४ने भागा: १.७५. त्याचा वर्ग ३.०६. त्यातून १ वजा केला: २.०६. व्हीएएसच्या ६०ला ह्या आकड्याने भागले की २९ लिटर येतात. म्हणजे आतून २५ × ३० × ४० सेंटिमीटरांची पेटी. तिचे पोट बरोबर ३० लिटर. शंकूचे डोलणेही १.७५ पटीने चढून ७० कंपनांवर जाते. बोलण्याला आणि गाण्याला एवढा खर्ज भरपूर झाला.

हाच स्पीकर १० लिटरच्या मडक्यावर ठेवा. डोलणे चढून १०६ कंपनांवर जाते आणि पकडीचा आकडा १.०६ होतो. म्हणजे १००च्या आसपासचा एकच पट्टा फुगतो आणि त्याखालचे सारे गळून पडते. ढोलकी, तबला, मोटारीचा आवाज, सारे एकाच सुरात डुबडुबते. लोक त्याला ‘बास’ म्हणतात. खरे पाहता तो मडक्याचा स्वर आहे. हेच मडके चार इंची लहान स्पीकरला दिले, तर ते पुष्कळदा शोभून दिसते.

आकडे छापलेले नसले तरी अडत नाही. आजकाल मोबाइलमध्ये हव्या त्या कंपनसंख्येचा सूर काढणारी साधने फुकट मिळतात. यंत्र आणि स्पीकर ह्यांच्या मध्ये १०० ओमचा रेझिस्टन्स घालून, आवाज लहान ठेवून, सूर हळूहळू चढवीत न्यावा आणि स्पीकरच्या टोकांवर मीटर लावावा. ज्या सुरावर मीटरचा आकडा सर्वांत वर जातो, तो एफएस. मग तोच स्पीकर माहीत असलेल्या मापाच्या बंद खोक्यावर बसवून पुन्हा मोजावे. मोकळ्या हवेत ४० आणि २० लिटरच्या खोक्यावर ८० आले, तर चढ दुप्पट. दोनचा वर्ग ४, त्यातून १ वजा करून ३. २० गुणिले ३ म्हणजे व्हीएएस ६० लिटर. सातवी शिकलेल्या माणसालाही हे गणित येते.

यंत्राचा लगाम

इथवर पेटी आणि स्पीकर ह्यांचे झाले. आता तिसरा भिडू, म्हणजे यंत्र. जुन्या यंत्राची खरी मेख इथे आहे, आणि घरी पेटी करणारे बहुतेक इथेच चकतात.

शंकू हलतो तेव्हा तो स्वतःही थोडी वीज उत्पन्न करतो. यंत्राने ती वीज सहज वाहून नेली तर शंकूला आपोआप लगाम बसतो. ट्रान्झिस्टरच्या चांगल्या यंत्राचा अंतर्गत अवरोध ओमचा लहानसा अंश असतो. म्हणून त्याचा लगाम घट्ट असतो. जुन्या व्हॉल्वच्या रेडिओत हा अवरोध कित्येकदा तीन-चार ओमपर्यंत असतो. म्हणून लगाम सैल.

आपल्या त्याच स्पीकरच्या वेटोळ्याचा रोध ६ ओम धरू आणि जुन्या रेडिओचा अवरोध ३ ओम. मग विजेच्या बाजूची पकड दीडपटीने सैल होते आणि क्यूटीएस ०.४वरून ०.५७च्या आसपास जातो. आता आधीचे गणित पुन्हा करा. ०.७ भागिले ०.५७, त्याचा वर्ग, त्यातून १ वजा, उरतो ०.५. व्हीएएसच्या ६०ला त्याने भागले की येतात १२० लिटर! स्पीकर तोच, पण ट्रान्झिस्टरच्या यंत्राला ३० लिटरची पेटी पुरे आणि व्हॉल्वच्या रेडिओला चौपट मोठी हवी. व्हॉल्वच्या सेटला तीस लिटरची पेटी लावाल तर पकडीचा आकडा १पर्यंत चढेल आणि आवाज घुमेल. लोक मग व्हॉल्वला दोष देतात, किंवा उलट ह्या घुमण्यालाच ‘जुन्या आवाजाची ऊब’ म्हणून कौतुक करतात. दोन्ही समजुती गैर आहेत. जुन्या कारागिरांनी रेडिओग्रामच्या पेट्या कपाटाएवढ्या आणि मागून उघड्या का ठेवल्या, ह्याचे उत्तर ह्या गणितात आहे.

म्हणून व्यवहारातला नियम असा: जुन्या व्हॉल्वच्या रेडिओला उघडी फळी, मागून उघडी पेटी किंवा चांगली मोठी बंद पेटी द्यावी, लहान पेटी आणि नळीची पेटी ट्रान्झिस्टरच्या यंत्रासाठी राखून ठेवावी. व्हॉल्वच्या सर्वच यंत्रांना हे लागू नाही. विल्यमसन ह्याने १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात जो आराखडा दिला आणि जो जगभरच्या हौशी लोकांनी घरी बांधला, त्याचा लगाम चांगला घट्ट होता. यंत्राची जात पाहून निर्णय करावा.

जोडताना पाळावयाचे नियम

ओमचे भान ठेवावे. यंत्रावर ८ ओम लिहिले असेल तर ८ ओमचा स्पीकर लावावा. ८ ओमचे दोन स्पीकर शेजारी-शेजारी जोडले तर ४ ओम होतात, एकापुढे एक जोडले तर १६. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला कमी ओम म्हणजे जादा ओझे. टोकाला टोक लागले तर ते क्षणात जळते. व्हॉल्वच्या यंत्राचे उलट आहे. त्याला स्पीकरवाचून चालू ठेवू नये. आवाज वाढविला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब चढतो आणि आतले वेष्टन फुटते. एकाला टोके जुळलेली सोसत नाहीत, दुसऱ्याला सुटलेली सोसत नाहीत.

दोन स्पीकर असतील तर त्यांची दिशा एक असावी. दीड व्होल्टचा सेल टोकांना क्षणभर टेकवावा. शंकू पुढे उसळला तर सेलचे धन टोक ज्या टोकाला लागले ते धन. दोघांचे धन टोक एकाच बाजूला गेले पाहिजे. एक उलटा लागला तर दोघे मिळून खर्ज खाऊन टाकतात.

लहान सुरांसाठी वेगळा ट्वीटर लावायचा तर त्याच्या वाटेत कपॅसिटर घालावा. ८ ओमच्या ट्वीटरला ४,००० कंपनांपासून वर काम द्यायचे तर ४.७ मायक्रोफॅरडचा, धन-ऋण नसलेला कपॅसिटर पुरतो.

आता जिवावरच्या गोष्टी. व्हॉल्वच्या सेटमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्टांचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. माहीतगाराशिवाय आत हात घालू नये. जुन्या काळी काही गावांत डीसी वीज होती, म्हणून दोन्ही विजांवर चालणारे सेट निघत. त्यांत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि लोखंडी चौकट सरळ घरच्या विजेला जोडलेली असते. ओळखण्याची खूण सोपी आहे: व्हॉल्वचे नाव ‘ई’ऐवजी ‘यू’ने सुरू होते. ईएल ८४ असेल तर बहुधा ट्रान्सफॉर्मरचा सेट. यूएल ८४ असेल तर सावधान. अशा सेटला बाहेरची तार, मोबाइल किंवा दुसरे यंत्र कधीही जोडू नये. शेवटची गोष्ट म्हणजे, वर्षानुवर्षे बंद पडलेला सेट एकदम विजेवर लावू नये. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात. ते आधी बदलून घ्यावेत.

सुताराचे काम

पेटीला १८ मिलिमीटरचे प्लायवूड उत्तम. आपल्या भागात सागवानाला मान आहे आणि तो योग्यही आहे. पण सलग सागाची फळी ऋतूप्रमाणे फुगते-आकसते आणि सांध्यांत फट पडते. साग वरून लावावा, अंग प्लायवूडचे असावे. बंद पेटीत सुईएवढी फटही शिटी घालते. म्हणून प्रत्येक सांधा सरसाने भरून घ्यावा. मोठ्या फळ्यांना आतून आडवी पट्टी मारावी. बोटाने ठोकल्यावर फळी ढोलासारखी वाजता कामा नये. बंद पेटीत जुन्या गादीचा कापूस किंवा लोकर विरळ कापडात बांधून सैल भरावी. कापूस मोकळा ठेवल्यास त्याचे तंतू चुंबकाच्या फटीत जातात. नळीच्या पेटीत फक्त भिंतींना अस्तर द्यावे. नळीचे तोंड मोकळे राहिले पाहिजे.

ह्या कामात एक नाव मला फार आवडते. गिल्बर्ट ब्रिग्ज हा इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डकडच्या कापडव्यापारातला माणूस. त्याने घराच्या तळघरात स्पीकर करायला सुरुवात केली आणि १९३२ साली व्हार्फडेल ही कंपनी काढली. १९४८ साली त्याने स्पीकरवर सामान्य माणसाला समजेल असे पुस्तक लिहिले. फळी थरथरू नये म्हणून दोन पातळ फळ्यांच्या मध्ये वाळू भरावी, हा उपाय त्याने लोकांपर्यंत पोचविला. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याने भरलेल्या सभागृहासमोर प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण पाठोपाठ ऐकवून तुलना करायला लावली. विद्यापीठाच्या बाहेरच्या माणसानेही हातातल्या कामाचा कसा विचार करावा, ह्याचा तो नमुना आहे. आणि वाळू तर आपल्या नदीकाठीही आहे.

मंडपातली जोडणी

घरच्या खोलीतले नियम मंडपात पुरे पडत नाहीत. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की रात्रभर नाटके चालतात. मागच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर स्पीकर दूर न्यावा लागतो, आणि तार लांबली की शक्ती तारेतच मरते. हिशेब पाहा. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १०० मीटर नेली तर जाण्यायेण्याचा रोध सुमारे ७ ओम होतो. स्पीकर ८ ओमचा. म्हणजे जवळजवळ निम्मी शक्ती तारेत गेली. म्हणून मंडपाच्या यंत्रामागे ४, ८, १६ ओमच्या टोकांबरोबर ७० आणि १०० व्होल्टांची टोकेही असतात. भोंग्याला १५ वॅटचा ट्रान्सफॉर्मर लावला की १०० व्होल्टांच्या तारेला तो सुमारे ६६७ ओमचा भासतो. तिथे ७ ओम म्हणजे जेमतेम एक टक्का. ५० वॅटच्या यंत्रावर असे तीन भोंगे सुखाने चालतात. यंत्रामागे १०० व्होल्टचे टोक असताना लोक ८ ओमच्या टोकावर लांब तार जोडतात आणि मग यंत्र कमी पडते म्हणून दुसरे आणतात. पैसा जातो, शब्द काही पोचत नाही.

शब्दाचे बळ स्वरांत असते, अर्थ मात्र बराचसा व्यंजनांत असतो. आणि व्यंजने बहुतांशी दोन हजार ते चार-पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात राहतात. टेलिफोनवर ३०० ते ३,४०० एवढ्याच पट्ट्यात आपण वर्षानुवर्षे सारे समजून घेतले. सभेत खर्ज वाढविला की तो व्यंजनांना झाकून टाकतो. तेव्हा भाषणाच्या वेळी बासचे बटण खाली आणावे, आणि एक मोठा आवाज करण्यापेक्षा लोकांच्या जवळ दोन-तीन लहान आवाज ठेवावेत.

वॅटचा बाजार

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. दहा पट वॅट दिले तर कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. एका वॅटवर एक मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर पाच वॅटच्या जुन्या सेटवर ९७ डेसिबल देतो. ८४ डेसिबलच्या स्पीकरला तेवढ्यासाठी २० वॅट लागतात. म्हणून अल्प शक्तीच्या जुन्या यंत्राला हलक्या शंकूचा, संवेदनशील स्पीकर शोधावा. माहितीपत्रकात हा आकडा असतो. आधी तो वाचावा.

बाजारात ‘पीएमपीओ’ नावाखाली हजारो वॅटचे आकडे छापलेले खोके हप्त्यांवर विकले गेले. मजुराने महिन्याच्या पगारातून हप्ते भरले. ह्या आकड्याला मान्य असे कोणतेही ठरलेले माप नाही. परीक्षा करायची तर खोक्याच्या मागची पट्टी वाचावी: घरच्या विजेतून जे यंत्र ४० वॅट घेते, ते सतत २,००० वॅट देईल कोठून? घेतल्याहून जास्त देणारे यंत्र अजून जन्मास यायचे आहे. हे एक वाक्य प्रत्येक कामगारवस्तीत पोचले तर किती हप्ते वाचतील!

मोठ्या आवाजाला कायद्याची मर्यादाही आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही सीमा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला परवानगीवाचून बंदी आहे. कापणी करून थकून आलेल्या माणसाची झोप हाही त्याचा हक्कच आहे. नीट जुळविलेली लहान जोडणी ह्या मर्यादेत राहून जास्त स्पष्ट बोलते.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. गावातल्या वाचनालयाने, युनियनच्या कचेरीने, शाळेने आपल्या माळ्यावरचे जुने यंत्र खाली काढावे. दुरुस्ती करणारा जो कोणी म्हातारा कारागीर अजून बाकावर बसत असेल, त्याला रीतसर मजुरी देऊन ते तपासून घ्यावे, आणि त्याच्या शेजारी दोन तरुणांना बसवावे. पेटीचे गणित मुलांनी करावे, फळ्या सुताराने कापाव्यात. कारागीर गेला की यंत्राबरोबर त्याच्या हातातले ज्ञानही कबाडात जाते. ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. अशी पेटी तयार झाली की पहिली परीक्षा गाण्याने करू नये. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत एकाला बसवावे, दुसऱ्याने पुढून सावकाश वाचावे: दर, कर, घर, वर. मागच्याने ऐकले ते कागदावर लिहावे. चारही शब्द बरोबर उतरले, तर जोडी जमली असे समजावे; नाही तर पेटी पुन्हा उघडावी.